सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून माणूस मेला तर खटला कुठल्या कोर्टात चालायला हवा?

चिंचवडकर

पुण्यातल्या कल्याणीनगरची केस सगळ्यांना माहिती आहे तरी थोडक्यात सांगतो. १९ मे २०२४, रविवारची पहाट, अडीचच्या सुमारास बिननंबराची पोर्शे, चालवणारा सतरा वर्षांचा, बारावी झाल्याची पार्टी करून निघालेला, आणि बाइकवरचे दोन इंजिनिअर गेले. दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपींच्या केसेस बघणाऱ्या मंडळाने, जामीन दिला, अटी काय तर ३०० शब्दांचा निबंध आणि १५ दिवस ट्रॅफिक पोलिसांबरोबर काम. लोक भडकले तेव्हा तीन दिवसांनी ऑर्डर बदलली, पोरगा निरीक्षणगृहात गेला, जूनमध्ये हायकोर्टाने ती कोठडी बेकायदा ठरवून त्याला आत्याकडे सोपवलं. मधल्या काळात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा हा पोलिसांचा अर्ज मंडळाने फेटाळला.

माझं मत स्पष्ट आहे. सोळा पूर्ण झालेत आणि कुणाचा जीव गेलाय, एवढ्या दोन गोष्टी असल्या की केस सेशन्स कोर्टात गेली पाहिजे, सरसकट, मंडळाला विचारायची भानगडच नको. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी वय सोळाच होतं, २००० साली ते अठरा केलं, तेव्हा सोळा हा आकडा काही कुणी हवेतून काढलेला नाही. ज्या पोराला दारूचं बिल भरता येतं, अडीच वाजता गाडी काढता येते, त्याला समोरचा माणूस मरू शकतो एवढं कळत नाही हे मला कुणीही सांगू नये. माझा स्वतःचा मुलगा सतराचा आहे. त्याला कळतं. मत द्या, शिव्या नकोत.

काळाकोट

चिंचवडकर, मी बाल न्याय मंडळासमोर केसेस चालवते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयावर लोक बोलतात खूप पण कायदा कसा चालतो ते कुणी सांगत नाही.

२०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात सोळा ते अठराच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवता येतोच, नवीन काही मागायची गरज नाही. फक्त गुन्हा 'जघन्य' लागतो, म्हणजे ज्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा लिहिली आहे असा. किमान हं, कमाल नाही. सगळी गोम इथे आहे. सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते पण खालची मर्यादा सात वर्षांची नाही. दिल्लीत २०१६ मध्ये अशीच मर्सिडीजची केस झाली होती, मुलगा अठराला काही दिवस कमी होता, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की किमान शिक्षा नसेल तर गुन्हा जघन्य नाही, आणि संसदेने याकडे बघावं. संसदेने २०२१ मध्ये बघितलं आणि असे गुन्हे 'गंभीर' या खालच्या वर्गातच ठेवले. पोर्शे केसमध्ये बचाव पक्षाने हेच पुढे केलं. म्हणजे एकट्या मंडळाला दोष देऊन उपयोग नाही.

आता दुसरी बाजू बघा. सतराचा मुलगा, सोळा-सतराची मुलगी, दोघं पळून जातात, नगरला कुणाच्या तरी खोलीवर चार दिवस राहतात, मुलीचा बाप तक्रार देतो. पॉक्सो, म्हणजे अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो. शरीरसंबंध आला की २०१९ पासून किमान दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आतली असेल तर किमान वीस. म्हणजे हा मुलगा जघन्य गुन्ह्यातला, याची प्राथमिक तपासणी होणार (गुन्हा समजण्याइतकी त्याची मानसिक तयारी होती का हे मंडळ बघतं), याला प्रौढ म्हणून सेशन्सला पाठवता येणार. आणि दोन माणसं ज्याच्या गाडीखाली गेली तो नाही.

माझ्याकडे असा एक मुलगा होता. मंडळाच्या बाकावर बसून तो मला विचारत होता की दहावीचा फॉर्म भरायची तारीख कधी संपते. त्याची आई धुण्याभांड्याची कामं टाकून आली होती आणि बाहेर उभी होती, तिला तर केस काय आहे हेच कुणी नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही 'प्रौढ म्हणून चालवा' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर पोर्शे असते. माझ्या डोळ्यासमोर हा येतो, कारण मंडळात रोज दिसतात ती अशीच मुलं.

रिक्षावाले मामा

ताई तुम्ही शिकलेल्या आहात, कायदा तुम्हाला ठाऊक, पण आमच्याकडे येऊन बघा एकदा. २०२३ ला आमच्या गल्लीत रात्री एक वाजता सात-आठ पोरं आली हातात कोयते, तोंडाला रुमाल सुद्धा नाही, सरळ ओळीने गाड्या फोडत गेली, माझ्या रिक्षाची पुढची काच, दोन्ही आरसे, हुड फाडला, मीटर उपटून फेकला. शेजारच्याची शाळेची व्हॅन होती तिच्या सगळ्या काचा. कारण काय, तर कोणाची तरी कोणाशी खुन्नस आणि एरियात दहशत बसवायची. माझा इन्शुरन्स थर्ड पार्टी, एक रुपाया मिळाला नाही, मीटर काच मिळून कर्ज काढलं आणि तेवढे दिवस धंदा बंद. त्यातली पाच पोरं अठराच्या आतली निघाली, पकडली, पंधरा दिवसात परत चौकात. आणि परत आल्यावर रील टाकली, मागे गाणं लावून, 'भाई बाहेर आला'.

आता ज्यांच्यावर कोयता उगारला त्यांनी काय करायचं? आम्हाला तक्रार द्यायला सुद्धा भीती वाटते. ही पोरं तोंडावर सांगतात की आम्हाला काय होत नाही, वय कमी आहे आमचं. त्यांना कायदा तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे ताई.

काळाकोट

मामा, तुमचं नुकसान झालं ते खरंच आहे आणि भीतीही खरी आहे. पण तोडफोडीला किमान सात वर्षं नाहीत, तेव्हा चिंचवडकर म्हणतात तसा कायदा उद्या आला तरी तुमची रिक्षा फोडणारी पोरं त्यात बसत नाहीत. आणि मोठा माणूस असता तरी तोडफोडीच्या केसमध्ये पंधरा दिवसांत जामीन होऊ शकतोच. 'वय कमी म्हणून सुटलो' हे ती पोरं सांगतात, खरं कारण पुष्कळदा साधा जामीन असतं.

दुसरं, कोयता दिला कुणी? मागे कोणीतरी पंचविशी-तिशीतला 'भाई' असतो, तो मुद्दाम लहान पोरं पुढे घालतो. लहान मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच लाखांचा दंड आहे. ते कलम लावलेली एफआयआर माझ्या हातात फार क्वचित आली. ते लावा म्हणून मोर्चा काढा, मी येते.

दोन मुलींची आई

सगळी चर्चा मुलाभोवतीच चाललीये म्हणून लिहिते. त्याचं वय, त्याचं मन, त्याचं भविष्य. जिच्यावर बलात्कार झाला तिचं काय?

दिल्लीच्या १६ डिसेंबर २०१२ च्या निर्भया केसमध्ये त्या अल्पवयीन आरोपीला तीन वर्षं मिळाली कारण २००० च्या कायद्यात त्याहून जास्त नव्हतीच, आणि तो २० डिसेंबर २०१५ ला बाहेर आला. मोठ्यांपैकी चौघांना फाशी. मुलीचे आईवडील रस्त्यावर बसले होते तेव्हा, मला टीव्हीवरचं ते दृश्य अजून आठवतं, त्यानंतर दोनच दिवसांत राज्यसभेने नवीन कायदा मंजूर केला. म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळ लोकसभेने पास केलेलं बिल पडून होतं आणि आईबाप थंडीत बसल्यावर हललं. आपल्या मुंबईतली शक्ती मिलची केस घ्या, २०१३ ची. त्यात दोघं अल्पवयीन, दोघांना तीन-तीन वर्षं नाशिकच्या बोर्स्टल स्कूलमध्ये, म्हणजे तरुण गुन्हेगारांच्या सुधारशाळेत. तीन वर्षं! त्या मुलींचं आयुष्य तीन वर्षांत परत जागेवर आलं असेल का?

आणि काळाकोट ताई, तुम्ही पळून गेलेल्या जोडप्याचं उदाहरण दिलंत ते पॉक्सो सुधारून सुटेल, तो वेगळा विषय आहे, त्यासाठी सामूहिक बलात्कार करणाऱ्याला 'बालक' म्हणायची गरज नाही. मंडळाचं काम बंद दाराआड चालतं, पीडितेच्या घरच्यांना काय झालं तेच कळत नाही, मुलाचं नाव छापायचं नाही, पुढे रेकॉर्ड नष्ट. तिच्या घरासमोरून तो उद्या चालत जाणार आणि कुणाला कळणारही नाही. मी दोन मुली वाढवतेय, मला हे चालत नाही.

मास्तर

मी निवृत्त शिक्षक. एका निरीक्षणगृहात रविवारी मुलांना शिकवायला जातो. कुठल्या ते लिहीत नाही.

वरच्या ताईंना एकच सांगतो, तुम्ही दिलेल्या दोन्ही केसेस जुन्या कायद्यातल्या आहेत. आज खून, बलात्कार, सामूहिक बलात्कार यात सोळाच्या पुढच्या मुलाची तपासणी होऊन केस बालकांच्या सेशन्स कोर्टात जाऊ शकते आणि तिथे तीन वर्षांची मर्यादा नाही. फाशी नाही आणि कधीच सुटका नाही अशी जन्मठेप नाही, बाकी शिक्षा होऊ शकते. आणि प्रौढ म्हणून दोषी ठरला तर रेकॉर्ड पुसलं जात नाही. लोकांना वाटतं तसा तो लगेच जेलमध्येही जात नाही, एकविसाव्या वर्षापर्यंत वेगळ्या जागी ठेवायचा, दरवर्षी त्याचा अहवाल, एकवीस झाल्यावर कोर्ट बघणार की सुधारला की नाही, नसेल तर उरलेली शिक्षा जेलात. कागदावर हा कायदा वाईट नाही.

मुलं कशी असतात ते सांगतो. माझ्याकडे एक सोळाचा होता, मारामारीत चाकू चालवलेला. पाढे येत नव्हते पण तीन प्लेट मिसळ, दोन चहा, एक जादा पाव असं सांगितलं की हिशेब तोंडावर, कारण नवव्या वर्षापासून हॉटेलात. सही करायला शिकवली तर तीन रविवार तोच कागद घेऊन यायचा, सगळीकडे सही केलेली, मागे पुढे. त्याने ज्याला चाकू मारला तो मुलगा वाचला पण त्याच्या हाताची दोन बोटं कायमची गेली, हेही मी विसरत नाही, आणि याला विचारलं की का मारलंस, तर म्हणाला सगळे मारत होते. चार पोरं बरोबर असली की या वयात डोकं वेगळं चालतं, हे मी पस्तीस वर्षं वर्गात बघितलंय. एकट्याला पकडून विचारा, सगळं बरोबर सांगेल. घोळक्यात सोडा, दगड उचलेल.

अशा मुलाला बराकीत मोठ्या कैद्यांबरोबर टाकलं तर तिथून कोण बाहेर येईल याचा विचार करा.

चिंचवडकर

मास्तर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण हॉटेलात वाढलेला पोरगा आणि कोट्यवधीच्या गाडीत बसलेला पोरगा यांना एकाच दयेच्या छत्रीखाली का घ्यायचं? तुमच्या मुलाला वकील मिळायला महिने लागले असतील. इकडे पहाटे अपघात आणि त्याच दिवशी जामिनाची ऑर्डर.

आणि काळाकोट, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे चूक कायद्यात आहे ना, मग सरळ उपाय आहे. दारू पिऊन किंवा बेदरकारपणे जीव घेतला तर किमान सात वर्षं लिहा. झाला गुन्हा जघन्य. मग ही पळवाट राहत नाही.

काळाकोट

लिहा. मग कोण सापडेल सांगते. स्वतःच्या मामाच्या टेम्पोवर पहाटे मार्केट यार्डला भाजी पोचवणारा सोळा-सतराचा पोरगा, लायसन्स नाही, दोन रात्री झोप नाही, डुलकी लागली आणि फुटपाथवर चढला. पोलिसांनी बेदरकार लिहिलं की तोही जघन्य, त्याचीही तपासणी, त्याचाही सेशन्स. पोर्शेवाल्याचा वकील तपासणीतच खासगी मानसोपचारतज्ज्ञ आणून उभा करेल. टेम्पोवाल्या पोराच्या बाजूने बोलायला कोणी नसेल, आणि सरकारी तज्ज्ञाकडे त्याच्यासाठी अर्धा तास असेल.

ही तपासणी किती अवघड आहे ते गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या केसवरून कळेल. घटना सप्टेंबर २०१७ ची. मुलगा सोळाचा. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा की नाही हा प्रश्न मंडळ, सेशन्स, हायकोर्ट करत सुप्रीम कोर्टात गेला, निकाल आला जुलै २०२२ मध्ये, आणि तोही परत नीट तपासणी करा, मानसशास्त्रज्ञांची मदत घ्या असा. जवळजवळ पाच वर्षं फक्त कोर्ट कुठलं यावर. मेलेल्या लहान मुलाच्या आईबापांना या पाच वर्षांत काय मिळालं?

चिंचवडकर

हा तर माझाच मुद्दा झाला! तपासणीच काढून टाका. सोळा आणि मृत्यू, थेट सेशन्स. पाच वर्षं वाचली.

काळाकोट

आणि मास्तरांचा सह्या गिरवणारा मुलगा? त्याचा चाकू चार इंच वर लागला असता तर तोही थेट? तो कोण आहे, कुठून आला, कुणी भरीला घातलं, हे कोणी एकदासुद्धा विचारायचं नाही? चिंचवडकर, मला तुमचा राग पटतो पण राग आहे पैशावर, आणि शिक्षा मागताय वयाला.

मला विचाराल तर मोटार वाहन कायद्यातलं १९९अ कलम घट्ट करा. अल्पवयीनाच्या हातात गाडी दिली तर पालक किंवा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही. हे २०१९ पासून आहे. पंचवीस हजार! स्कूटीवाल्या बापाला तो महिन्याचा पगार आहे आणि करोडोंच्या गाडीवाल्याला एका रात्रीचं बिल. दंड गाडीच्या किमतीवर लावा आणि कैद किमान करा. महाराष्ट्रात कडक दारू पंचवीसच्या आधी देता येत नाही, मग सतराच्या पोराला ग्लास भरून देणारा पब पुन्हा उघडलाच नाही पाहिजे.

एडिसनहून

अमेरिकेत राहतो म्हणून थोडं. इथे नव्वदच्या दशकात गुन्हेगारीच्या भीतीने जवळजवळ सगळ्या राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवणारे कायदे कडक केले. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तर सोळा झाला की आपोआप प्रौढ. २००७ मध्ये इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या टास्क फोर्सने उपलब्ध अभ्यास तपासले तर असं दिसलं की मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुलं नंतर हिंसक गुन्हे कमी नाही तर जास्त करतात. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायदा करून वय अठरावर नेलं. ज्या रस्त्याने हे लोक जाऊन परत आले त्याच रस्त्याला आपण का लागतोय?

दोन मुलींची आई

अमेरिकेतला अभ्यास असेल बरोबर, पण मला पुढचा गुन्हा होईल की नाही एवढंच नाही बघायचं. झालेल्या गुन्ह्याचं काय, हा माझा प्रश्न कुणीच घेतला नाही. काळाकोट ताईंनी पण नाही. निदान एवढं तरी करा की पीडितेला किंवा तिच्या घरच्यांना मंडळासमोर वकील लावून बोलायचा हक्काने वेळ मिळेल, आणि तो सुटणार असेल तेव्हा तिला आधी कळवतील. मुलाचं नाव गुप्त ठेवा हवं तर. तिला अंधारात ठेवू नका.

काळाकोट

हे मात्र पूर्ण मान्य. बंद दार बाहेरच्या लोकांसाठी असावं, तिच्यासाठी नको.

मास्तर

मलाही मान्य. आणि मुलांसाठीही ते गरजेचं आहे. माझ्या त्या मुलाने बोटं गेलेल्या मुलाला कधी बघितलंच नाही नंतर. काय केलं ते त्याला कळलंय असं मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

रिक्षावाले मामा

ताई एक विचारायचं होतं, विषयाला धरून आहे. त्या रिक्षा फोडणाऱ्यांतला एक जण आता वीसचा झालाय, मंडळाची केस संपली त्याची. मागच्या आठवड्यात घरी आला होता, रिक्षा रात्रपाळीला भाड्याने मागायला, रिक्षा चालवायचा बॅज काढायचाय म्हणतो. बायको म्हणते दारात उभा करू नका. मी हो पण नाही म्हटलं आणि नाही पण. त्याची केस होती तर बॅजला पोलीस व्हेरिफिकेशन अडकेल का?

काळाकोट

मंडळातच केस संपली असेल तर अडकायला नको मामा. कलम २४ प्रमाणे त्या केसमुळे त्याला पुढे कुठे अपात्र ठरवता येत नाही. मंडळाच्या शेवटच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढून ठेवायला सांगा. अडवलंच तर मला निरोप द्या, मी अर्ज लिहून देईन. रिक्षा द्यायची का नाही ते तुमचं आणि वहिनींचं.

चिंचवडकर

मामांच्या केसमध्ये काच फुटली होती, तिथे त्या पोराला बॅज मिळावा, माझी काही हरकत नाही. पीडितेच्या घरच्यांबद्दल आई म्हणाल्या तेही बरोबर, आणि १९९अ चा दंड वाढवा, बापाला आत टाका, सगळं करा. पण जीव गेला असेल तिथे सोळाच्या पुढच्याला सेशन्स, या मतावरून मी हलत नाही. टेम्पोवाल्या पोराचं म्हणणं ऐकायचंय तर सेशन्सचे न्यायाधीश ऐकतील की, ते काय दगड आहेत? तिथे त्याला सरकारी खर्चाने चांगला वकील मिळेल अशी सोय करा, त्यासाठी मी सही करायला तयार आहे.

काळाकोट

त्या सोयीची यादी उद्या सकाळी कुठल्याही जिल्हा कोर्टात जाऊन बघा आणि एका वकिलाकडे किती केसेस आहेत ते विचारून या. मग परत बोलू.